पुण्यातले गाणारे-वाजवणारे: ऑनलाइन ओळख मैत्रीपर्यंत कशी पोचली?

काळी_पाच | सोमवार, रात्री १०.४०

गेल्या आठवड्यात आमच्या गटात एका नव्या मुलीनं विचारलं, "इथे सगळे एकमेकांना वा वा म्हणतात, पण कुणी कुणाचं मित्र आहे का?" तिला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा धागा काढते आहे.

मी मूळची सांगलीची. मध्यमा पूर्णपर्यंत गाणं शिकले. मग नोकरी, लग्न, पुणे, रोजचं हिंजवडी. दहा वर्षं तानपुरा गवसणीत होता. २०२० मध्ये सगळे घरात अडकलो तेव्हा तो बाहेर काढला आणि ओळखीच्या एका बाईंनी मला टेलिग्रामवरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या गटात घेतलं. साठेक माणसं, बरीचशी पुण्यातली. रोज कुणीतरी क्लिप टाकायचं, खाली फुलं, टाळ्या, "क्या बात है". मीही टाकायचे. तीन महिन्यांत भरपूर फुलं मिळाली, पण त्यातल्या एकाही माणसाचं मला काही ठाऊक नव्हतं आणि त्यांना माझं.

एका संध्याकाळी बिबवेवाडीच्या एका सतार वाजवणाऱ्या बाईंचा वेगळा निरोप आला. "तुमचा यमन ऐकला. एक सांगितलं तर राग येणार नाही ना?" मी म्हटलं, सांगा की. त्यांनी लिहिलं, "तुमचा गंधार पेटीचा आहे. तानपुऱ्याचा नाही."

राग आला. दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पेटी बंद ठेवून नुसता तानपुरा घेऊन बसले. तानपुरा नीट जुळला की षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, तारेतूनच गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीचे सूर समान अंतरावर बांधलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार याच्यापेक्षा किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग. लहानपणापासून पेटीवरच रियाझ केलेला, त्यामुळे मी नेमकी त्या चढ्या जागेवर जाऊन बसत होते आणि इतक्या वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पाऊण तासानं एकदा माझा आवाज तानपुऱ्यात असा मिसळला की मलाच वेगळा ऐकू येईना. तेवढंच रेकॉर्ड करून त्यांना पाठवलं. उत्तर आलं, "आता आलीस." अहोजाहो त्या दिवशी संपलं. मी त्यांना मावशी म्हणू लागले तर म्हणाल्या, "मावशी नको गं, ताई म्हण."

प्रत्यक्ष भेटलो २०२२च्या डिसेंबरात, मुकुंदनगरच्या मैदानावर, सवाई गंधर्व महोत्सवाला. त्या गर्दीत मी त्यांना चेहऱ्यावरून शोधत होते. मागून कुणीतरी चहावाल्याला "साखर कमी हं" म्हणालं आणि मी वळले. दोन वर्षं रोज ऐकलेला आवाज होता तो.

पुढच्या वर्षी माझी आई गेली. त्यानंतर गाणं बंद झालं, तोंडातून सा निघेना. ताईंनी "गा, बरं वाटेल" असं एकदाही म्हटलं नाही. त्या रोज संध्याकाळी सातच्या सुमारास चार मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवायच्या. नुसता त्यांचा तानपुरा, माझ्या पट्टीत, काळी पाचमध्ये जुळवलेला. सोबत एक शब्द नाही. पाच महिने पहिल्या तारेवर पंचम, म्हणजे 'प', लावलेला असायचा. एके दिवशी पंचमाच्या जागी निषाद, म्हणजे 'नी', आला. यमन रागासाठी लावला होता तो. मी स्वयंपाकघरात उभी होते, कुकर बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसून गायले.

तर माझं उत्तर असं: हो, मैत्री होते. माझी झाली. पण ती फुलांनी झाली नाही, त्या एका वाक्यानं झाली. तुमची कशी झाली? झाली नसेल तर का नाही? पुण्यातल्यांनी जरूर लिहा, आणि बाहेरच्यांनीही.

---

झपताल | सोमवार, रात्री ११.२५

ताई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

मी तबलजी, धायरीत राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची मैत्री एका फसलेल्या प्रयोगातून झाली. नाशिकचा एक गिटारवाला ऑनलाइन भेटला. दोघांना वाटलं, व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवू. मी ठेका धरला, तो माझ्या ठेक्यावर वाजवायला लागला, मला तो मागे पडल्यासारखा वाटला म्हणून मी थांबलो, त्याला मी थांबल्यासारखा वाटलो म्हणून तो थांबला. पाच मिनिटांत लय अशी खाली आली की विचारू नका. एकमेकांवर चिडलो. चूक कुणाचीच नव्हती, आवाज उशिरा पोचत होता.

हिशोब साधा आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे समोर तीन मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज ९ मिलिसेकंदांत कानावर येतो. २५-३० मिलिसेकंदांपर्यंत उशीर असेल तर हात सांभाळून घेतो. त्यापुढे लय ओढली जायला लागते. व्हिडिओ कॉलवर तो उशीर सहज १५०-२०० होतो. मिनिटाला ३०० मात्रांची द्रुत लय असेल तर एक मात्राच २०० मिलिसेकंदांची असते. म्हणजे तुम्ही समेवर, सोळा मात्रांच्या तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलात तेव्हा समोरच्याच्या कानात अजून सोळावी मात्रा चालू आहे! वर ब्लूटूथचे हेडफोन असतील तर त्यांचा उशीर आणखी वेगळा.

आणखी एक, तानपुरा कॉलवर गायब होतो तो नेट खराब असल्यामुळे नव्हे. सलग एकसारखा आवाज आला की सॉफ्टवेअरला तो पंख्याचा गोंगाट वाटतो आणि ते तो कापून टाकतं. सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड" असेल तर ते चालू करा.

जॅम्युलस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, एकत्र वाजवण्यासाठीच केलेलं. वायरचं नेट, वायरचे हेडफोन आणि जवळचा सर्व्हर असेल तर बरं चालतं. आमच्याकडे होस्टेलचं वायफाय, त्यामुळे नाद सोडला. मग ठरवलं की मी ठेका रेकॉर्ड करून पाठवणार, तो त्यावर गिटार भरणार, मग मी त्याची गिटार ऐकून पुन्हा तबला भरणार.

आणि इथे मैत्री झाली. कारण दुसऱ्याच्या वाजवण्यावर वाजवायचं तर ते तीस-चाळीस वेळा ऐकावं लागतं. तो अवघड जागेआधी श्वास रोखतो हे मला माहीत आहे. एका क्लिपमध्ये त्याचा हात सगळीकडे आखडलेला होता. फोन करून विचारलं, काय झालंय? नोकरी गेली होती. घरी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. अजून आम्ही भेटलेलो नाही.

---

बेसवाला | मंगळवार, सकाळी ८.०५

+१ झपताल. चाळीस वेळा ऐकणं हे अगदी खरं.

आम्ही विमाननगरची रॉकवाली पोरं. आमच्या गटात सगळ्यात मोठा त्रास होता क्लिप टाकून पळणाऱ्यांचा. मग एक नियम केला, आपली क्लिप टाकायची तर आधी दुसऱ्या दोघांच्या ऐकायच्या आणि कितव्या सेकंदाला काय ऐकलं ते लिहायचं. "मस्त" चालणार नाही. "१ मिनिट १२ सेकंदाला गाणारीच्या आधी ड्रम आला, मुद्दाम केलंस का?" असं हवं. महिन्यात निम्मे लोक निघून गेले. जे बावीस राहिले त्यातले नऊ जण आता दर शनिवारी ताशी भाड्याची खोली घेऊन वाजवतो, आणि गेल्या दिवाळीत त्यातल्या एकाचं घर हलवायला सगळे टेम्पोबरोबर होतो.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. शास्त्रीयवाले आमच्यात येत नाहीत आणि आम्ही तुमच्यात आलो तर कुठल्या घराण्याचे, गुरू कोण, हेच आधी विचारतात. मी युट्यूबवर शिकलो. ते सांगितलं की पुढचं बोलणं थांबतं. हे दोन-तीन ठिकाणी झालंय.

---

पेटीवाला_नाना | मंगळवार, दुपारी ३.५०

वय ७१, सदाशिव पेठ. टंकलेखन सावकाश होते, सांभाळून घ्यावे.

बेसवाला, तुमची तक्रार योग्य आहे. गुरू कोण, हा आमच्याकडे आदराने विचारला जाणारा प्रश्न आहे, पण नवख्याला तो दारावरच्या पहाऱ्यासारखा वाटतो हे मला आज कळले. यापुढे आधी "काय वाजवता?" असे विचारीन.

गाणाऱ्यांना गाणारे लागतात ही भूक जुनीच आहे. भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात १९११ साली भारत गायन समाज काढला, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये गांधर्व महाविद्यालय. तिथे लोक शिकायला जात आणि शिकून झाले तरी जात राहत. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केला. मी रमणबागेत तो कैक वर्षे रात्र रात्र जागून ऐकला. तिथे शेजारच्या सतरंजीवर दरवर्षी एक गृहस्थ असत. त्यांच्याकडे थर्मास, माझ्याकडे चिवडा. वर्षातून तेवढीच भेट. जवळपास वीस वर्षे हे चालले. मला त्यांचे आडनाव अखेरपर्यंत माहीत नव्हते. एका वर्षी ती जागा रिकामी राहिली आणि मला पहिला कलाकार ऐकूच आला नाही.

म्हणून "ऑनलाइनची मैत्री खरी का" या प्रश्नावर मी फार वाद घालीत नाही. आडनाव न कळताही माणूस आपला होतो. फक्त एक उणीव मला जाणवते. साथ करताना गायकाचा श्वास आपल्या अंगाला कळतो, मान किंचित हलली की तो कुठे जाणार ते कळते. फोनमधून ते येत नाही.

माझ्या पेटीचे दोन सूर पावसाळ्यात बोलेनासे झाले होते आणि पट्ट्या फुगून अडकत होत्या. गटात लिहिले, तर धानोरीहून एक मुलगा रविवारी सकाळी पीएमटीने आला (तुम्ही पीएमपीएमएल म्हणता). भात्यावरची फळी काढली, सुराच्या पात्यात अडकलेला धाग्याएवढा कचरा पातळ कागदाने काढला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "नाना, मी वाजवतो, तुम्ही ऐका." चार तास बसला. त्यानंतर दर रविवारी येतो. माझी मुले परदेशी आहेत. रविवारची मी वाट पाहतो.

---

मंद्र | मंगळवार, रात्री ९.३०

सगळं वाचून छान वाटलं, पण एक बाजू राहते आहे ती लिहिते.

मी गाते, एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी एका गटात एका सदस्यानं आधी गाण्याचं कौतुक केलं, मग रात्री साडेअकराला "जागी आहेस का?", मग "पट्टी तपासून देतो, घरी ये". मी गट चालवणाऱ्यांना कळवलं. उत्तर मिळालं, "ते मोठे कलाकार आहेत, गैरसमज झाला असेल." मी गट सोडला. आठ महिने कुठेही क्लिप टाकली नाही.

त्यामुळे नव्या मुलींसाठी सांगते. पहिली भेट दिवसा, चार माणसं असतील अशा जागी. कार्यक्रमाला भेटणं सगळ्यात बरं. घरच्यांना किंवा मैत्रिणीला पत्ता देऊन जा. गाण्याबद्दलचं बोलणं गटातच होऊ दे, खासगीत नको. आणि ओळख नीट होईपर्यंत वाद्य कुणाला देऊ नका, नेऊही देऊ नका.

---

झपताल | मंगळवार, रात्री ९.५५

मंद्र ताई, वाईट वाटलं वाचून. पण सुरुवातीलाच इतका संशय ठेवला तर मैत्री व्हायची कशी? काळी_पाच ताईंना तर पहिला निरोप खासगीतच आला होता.

---

मंद्र | मंगळवार, रात्री १०.१०

त्यांना निरोप आला त्यात "सांगू का?" असं विचारलं होतं. त्या दोन दिवस गप्प राहिल्या तर समोरून दुसरा निरोप आला नाही. फरक तिथे आहे. ज्याला नाही म्हटलेलं ऐकू येतं त्याच्याशी मैत्री होते. तू मुलगा आहेस, तुला पत्ता ठेवून घराबाहेर पडावं लागत नाही, म्हणून तुला हा संशय वाटतो. मला ते दार लावून झोपण्यासारखं वाटतं.

---

झपताल | मंगळवार, रात्री १०.२०

पटलं. मी माझं म्हणणं मागे घेतो.

---

काळी_पाच | मंगळवार, रात्री १०.४५

मंद्र, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात हे यायला हवं होतं. ताईंना आत्ता फोन करून विचारलं, त्या दोन दिवसांत काय वाटत होतं? म्हणाल्या, "वाटत होतं, कायमची दुखावली असेल. पण परत लिहिलं असतं तर तो आग्रह झाला असता."

---

पहाटेची_पाळी | बुधवार, दुपारी १.१५

मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. काही चुकलं तर माफ करा.

मी बस चालवतो. पहाटेची पाळी असते. गाव बारामतीकडं. लहानपणी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचो आणि मागं उभा राहून अभंग म्हणायचो. पुण्यात येऊन सोळा वर्षं झाली. इथं कुणी ओळखीचं नाही ज्याच्याबरोबर म्हणावं. डेपोत पहाटे साडेचारला गाडी पुसताना म्हणतो. फोनमध्ये ३१ रेकॉर्डिंग आहेत, एकही कुणाला पाठवलेलं नाही. मला सरगम येत नाही. गंधार कुठला, निषाद कुठला, ते कळत नाही. तुम्ही सगळे शिकलेले. अशा माणसानं तुमच्यात आलेलं चालतं का?

---

बेसवाला | बुधवार, दुपारी १.२२

दादा, मलाही सरगम येत नाही. पाठवा.

---

पेटीवाला_नाना | बुधवार, दुपारी ४.३०

चालतं का, असे विचारू नका. माझ्याकडे धाकट्या भावाचा पखवाज आहे. तो गेल्यापासून नऊ वर्षे कोपऱ्यात झाकून ठेवला आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी या. मंद्र, तुम्हीही या. माझ्या पत्नी घरी असतील, दिवसाची वेळ आहे, आणि ज्यांना सोबत आणायचे असेल त्यांना अवश्य आणा. पत्ता गटातल्या जुन्या सभासदांकडून घ्यावा.

---

पहाटेची_पाळी | बुधवार, रात्री ८.४०

काळी पाच ताईंना एक रेकॉर्डिंग पाठवलंय. मागं गाडीचा आवाज आहे.

---

काळी_पाच | गुरुवार, सकाळी ६.५०

त्यांच्या परवानगीनं लिहिते. तुकोबांचा अभंग आहे, तीन मिनिटं. २ मिनिटं ४ सेकंदांना ते "विठ्ठल" म्हणताना गंधारावर थांबतात. पेटी नाही, तानपुरा नाही, मागे डिझेलचं इंजिन. मी तानपुरा त्यांच्या पट्टीत लावून पाहिला. तो गंधार तानपुऱ्याचा आहे, दादा. मला जिथे पोचायला इतकी वर्षं लागली तिथे तुम्ही रोज पहाटे उभे असता.

---

मंद्र | गुरुवार, सकाळी ९.१५

रविवारी येते. धाकट्या बहिणीला घेऊन.

---

झपताल | रविवार, संध्याकाळी ६.३०

आत्ताच नानांकडून निघालो. आठ जण होतो. बिबवेवाडीच्या ताई सतार घेऊन रिक्षातून आल्या. बेसवाला बेस आणि छोटा अँप घेऊन आला, नानांनी त्याला सगळ्यांच्या आधी विचारलं, "काय वाजवता?"

पखवाजाची वादी, म्हणजे तोंडं ताणून धरणारी चामड्याची पट्टी, सैल पडली होती. मी तिच्याखालचे लाकडी गट्टे ठोकून जमेल तेवढी चढवली. दादा शेजारी बसून बघत होते, हात लावत नव्हते. मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. घरून कणीक मळून आणली होती, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला. नऊ वर्षं बंद असलेल्या वाद्याला कणीक लागणार आणि ती आयत्या वेळी कुणाच्या घरी मागायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं. कणीक थापून पहिली थाप मारली तेव्हा नानांच्या पत्नी आतून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या आणि अभंग संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

मंद्र ताई गायल्या, नानांनी पेटी धरली. सतार आणि बेस एकत्र कसे वाजतात ते पुन्हा कधीतरी लिहीन, अजून डोक्यात घुमतंय. माझा नाशिकचा मित्र सगळा वेळ फोनवर ऐकत होता. पुढच्या महिन्यात येतोय.

---

पहाटेची_पाळी | रविवार, रात्री ८.१०

नाना, माझा डबा तुमच्याकडंच राहिला. पुढच्या रविवारी पाळी दुपारची आहे, सकाळी येऊन नेतो.

---

पेटीवाला_नाना | रविवार, रात्री ९.००

सावकाश न्या. हिने घासून ठेवला आहे. पखवाज आता बैठकीच्या खोलीत आहे.